सगळ्यांची जेवणं झाली का?

परवा रात्रीचीच गोष्ट. साडेआठ वाजून गेले होते. सासूबाईंचं ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, वाटीत आमटी, कडेला शेंगदाण्याची चटणी. त्यांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ताट हाताने हळूच बाजूला सरकवलं.

"गडीमाणसांची जेवणं झाली का ग?"

"झाली, आई."

"पोरांची?"

"पोरांचीपण झाली."

"आणि ते वैरागचे पाहुणे? त्यांना वाढलं का?"

वैरागचे पाहुणे आमच्याकडे बार्शीला येऊन गेले त्याला चाळीस वर्षं तरी झाली असतील. त्यातले निम्मे आता हयात नाहीत. तरी मी म्हटलं, "वाढलं." सासूबाईंचा विश्वास बसला नाही. त्या भिंतीला टेकून बसून राहिल्या. भूक लागली होती, ते तोंडावरून कळत होतं. पण हात काही ताटाकडे गेला नाही.

सासूबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी सोलापूरच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं. वाड्यातल्या एकेका खोलीला कुलूप लागत जावं, तसं झालंय त्यांचं. आधी कालपरवाचं पुसलं गेलं, मग नातवंडांची नावं गेली, मग मी गेले. चौतीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आम्ही दोघींनी, आणि आता त्या मला "बाई" म्हणतात. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पोटच्या लेकाला, म्हणजे आमच्या ह्यांना, त्या "भाऊजी" म्हणतात. मामंजींचं नाव विचारलं तर गोंधळतात. पण "आई, नाव घ्या" म्हटलं की उखाणा सुरू होतो आणि मामंजींचं नाव बरोब्बर त्याच्या जागेवर येतं!

आणि हात. त्यांचे हात काहीच विसरलेले नाहीत. परातीत पीठ घेऊन दिलं की त्या मळतात, गोळा करतात, थापतात. भाकरी अशी गोल की वाटी उपडी घालून कापल्यासारखी. गॅसजवळ आता आम्ही त्यांना जाऊ देत नाही, भाजायचं काम माझं. थापताना त्यांचा चेहरा इतका निवांत असतो की बघणाऱ्याला वाटावं, या बाईला काय झालंय?

तर मैत्रिणींनो, गेले काही महिने मी एकाच गोष्टीचा विचार करतेय. सवयीचा. आपण सवय म्हणजे फार किरकोळ गोष्ट समजतो. चहाची सवय, नख खाण्याची सवय. माणूस म्हणजे त्याचे विचार, त्याच्या आठवणी, सवयी काय, असतात आपल्या! पण माझ्यासमोर एक माणूस आहे, ज्याचे विचार विस्कटलेत, आठवणी पुसल्यात, आणि मागे राहिल्यात त्या फक्त सवयी. त्यामुळे ही किरकोळ गोष्ट मला आता किरकोळ वाटत नाही.

अमेरिकेत एक माणूस होता. शास्त्रज्ञ त्याला 'एच. एम.' म्हणायचे. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ साली, त्याच्या ऐन सत्ताविशीत, त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. फिट्स कमी झाल्या, पण नवीन काही लक्षात ठेवणंच संपलं. भेटायला आलेलं माणूस उठून गेलं की कोण आलं होतं ते आठवायचं नाही. ब्रेंडा मिलनर नावाच्या संशोधक बाईंनी त्याला एक काम दिलं. आरशात बघत बघत कागदावरच्या चांदणीच्या आकारावर पेन्सिल फिरवायची. करून बघा, आरशात सगळं उलटं दिसतं, हात भलतीकडेच जातो. एच. एम.चाही गेला. पण तीन दिवसांत तो सराईत झाला. आणि दर वेळी त्याला वाटत होतं, हे मी पहिल्यांदाच करतोय! डोकं विसरलं, हात शिकला. तेव्हापासून शास्त्रज्ञांना कळलं की 'आठवण' ही एकच गोष्ट नाही. काय घडलं ते मेंदू एका ठिकाणी ठेवतो आणि हाताला बसलेलं वळण दुसऱ्या ठिकाणी. एक कोठार रिकामं झालं तरी दुसरं भरलेलं राहू शकतं.

सासूबाईंची भाकरी त्या दुसऱ्या कोठारातली. चांगली गोष्ट आहे. पण "गडीमाणसांची जेवणं झाली का" हेही त्याच कोठारातलं! तिथेच माझं मन अडकतं. कारण भाकरी थापायला त्या शिकल्या. शेवटी जेवायला मात्र त्यांना शिकवलं गेलं. दोन्ही एकाच कणगीत, एकावर एक. आता वेगळं काढता येत नाही.

आपली भाषाही बघा कशी चतुर आहे. मुलाला सवय 'लागते', मुलीला वळण 'लावतात'. सवय लागते ती जशी ठेच लागावी तशी, आपोआप. वळण मात्र कुणीतरी लावतं. आणि एकदा ते 'अंगवळणी' पडलं की लावणाऱ्याचा हात दिसेनासा होतो. मग ती बाईच म्हणते, "माझा स्वभावच आहे तो."

सासूबाईही असंच म्हणायच्या. पंधराव्या वर्षी लग्न होऊन चौदा माणसांच्या घरात आल्या. आधी पुरुष, मग मुलं, मग सासवा, मग नणंदा, सगळ्यात शेवटी धाकट्या सुना. खरवडलेलं पातेलं आणि टोपलीत खाली राहिलेली भाकरी. मी या घरात आले तेव्हा माणसं कमी झाली होती, रीत तीच होती. मी नवीन होते, जरा शिकलेलीही होते. एकदा धीर करून विचारलं, "आई, आपण सगळ्यांबरोबर का नाही बसत?" त्या हसल्या. म्हणाल्या, "मला शेवटीच आवडतं ग. कसं निवांत जेवता येतं."

आवडतं! या शब्दावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. एखाद्याला आवडत असेल तर आपण कोण बोलणार?

बऱ्याच वर्षांनी एका लेखात एक गोष्ट वाचली आणि त्या 'आवडतं'ची मला आठवण झाली. साल १९४४. बंगालच्या भयंकर दुष्काळानंतरचं वर्ष. कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात एका सरकारी आरोग्य संस्थेने पाहणी केली. त्यात बायको गेलेल्या पुरुषांना आणि नवरा गेलेल्या बायकांना त्यांची प्रकृती कशी आहे ते विचारलं. ४८.५ टक्के विधुर म्हणाले, आजारी आहोत किंवा तब्येत बेताची आहे. विधवांमध्ये असं म्हणणाऱ्या किती? २.५ टक्के. आणि 'तब्येत बेताची' म्हणणारी तर एकही नाही! अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी हे आकडे पुढे आपल्या लिखाणात मांडले. दुष्काळातून उठलेल्या त्या विधवा काय पुरुषांपेक्षा धडधाकट होत्या? नाही हो. आपल्याला काही दुखतंय हे म्हणण्याचीच त्यांना सवय नव्हती. अंगात बळ नसणं म्हणजेच रोजचं असणं, अशी समजूत पक्की झालेली.

मला वाटतं, सवयीचा खरा अर्थ इथे आहे. ती नुसता हात चालवत नाही. आपल्याला काय हवंय, काय कमी पडतंय, हे जाणवण्याची जागाच ती बधिर करून टाकते. म्हणून ज्याची सवय त्यालाच तिच्याबद्दल साक्षीला बोलावून उपयोग नाही. सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांना आवडतच होतं. आणि त्या 'आवडण्या'ची किंमत त्यांच्या रक्तात होती, प्रत्येक बाळंतपणात डॉक्टरीण ओरडायची म्हणे. २०१९ ते २१ या काळात देशभर जी कुटुंब आरोग्य पाहणी झाली, त्यात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी सापडलं. पुरुषांत २५ टक्के. शेवटी जेवणं हे काही त्याचं एकच कारण नाही, पाळी आहे, बाळंतपणं आहेत. पण ज्या पातेल्यात वरण तळाला गेलेलं असतं, त्यातून लोह कुठून येणार?

मोठमोठ्या विचारवंतांनी सवयीवर लिहून ठेवलंय. ग्रीक अॅरिस्टॉटल म्हणायचा की चांगुलपणा जन्मजात नसतो, घर बांधून बांधून गवंडी होतो तसा माणूस चांगलं वागून वागून चांगला होतो. पटतं. पण त्याच अॅरिस्टॉटलने बायकांवर पुरुषांनी राज्य करणं हा निसर्गच आहे, असंही लिहून ठेवलंय. सवयीला निसर्ग समजण्याची चूक, आणि ती कुणी करावी? सवयीवर इतकं बारीक लिहिणाऱ्याने! विल्यम जेम्स नावाच्या अमेरिकन विचारवंताने १८९० मध्ये आपल्या मानसशास्त्राच्या जाडजूड ग्रंथात सवयीवर एक अख्खं प्रकरण लिहिलं. सवयीमुळेच जो तो आपापल्या जागी राहतो, खाणीतला मजूर खाणीत राहतो आणि श्रीमंताला गरिबाच्या बंडापासून अभय मिळतं, असं त्याचं म्हणणं. त्याने स्वयंपाकघरात डोकावून बघायला हवं होतं, आणखी एक उदाहरण मिळालं असतं.

पण हाच जेम्स दुसरंही सांगतो, आणि ते मी विसरू इच्छित नाही. ज्याच्या हाताला कशाचीच सवय नाही, प्रत्येक गोष्ट ज्याला रोज नव्याने ठरवावी लागते, त्याच्यासारखा दुःखी तोच. खरंच आहे. सकाळी सातच्या डब्याला चहात साखर किती, मीठ किती, असा विचार करत बसलं तर डबा दुपारी जाईल. हात आपोआप चालतात म्हणून मन मोकळं राहतं. आपल्या आज्या-पणज्यांच्या जात्यावरच्या ओव्या आठवा. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावी माणसं जमवून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात. एक लाख! शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांच्या. पहाटे जातं फिरवायचा हात सवयीने फिरत होता म्हणूनच ना मन माहेरी जाऊन येत होतं, सीतेच्या वनवासावर बोलत होतं, भावाशी भांडत होतं? खुंटा धरलेल्या हातावर सत्ता घराची होती, पण ओवी तिची स्वतःची.

म्हणजे सवय बेडीही आणि सवडही. कोणती कुठे संपते हे कळत नाही, हीच तर पंचाईत. पतंजलीच्या योगसूत्रांत मनाला आवरण्याचे दोन उपाय सांगितलेत, अभ्यास आणि वैराग्य. पुन्हा पुन्हा करणं, आणि सोडून देणं. बायकांना आजवर करायचं तेवढं शिकवलं. सोडायचं कसं, याचं वळण कुणी लावलंच नाही.

आता माझंच सांगते. मागच्या चैत्रात एकदा घरात मी एकटी होते. हे आणि मुलगा बाहेरगावी, सासूबाईंना नणंद चार दिवस घेऊन गेलेली. पिठलं-भाकरी केली. साडेबारा वाजले, भूक लागली. आणि मी काय केलं? ओटा पुसला. भांडी आवरली. कपडे घडी केले. अडीच वाजता ओट्यापाशी उभी राहून गार पिठलं खाल्लं. शेवटचा घास घेताना लख्ख जाणवलं, मी कुणाची वाट बघत होते? घरात दुसरं माणूसच नव्हतं! सासूबाईंचे वैरागचे पाहुणे माझ्याही घरी येऊन बसले होते.

आणि मी स्वतःला काय समजत होते? बी.ए. झालेली, भिशी चालवणारी, पेपरात लिहिणारी बाई.

तेव्हा ठरवलं, रात्रीचं तरी सगळ्यांबरोबर बसायचं. वाटलं, यात काय एवढं? पण अडचण लगेच समोर आली. भाकरी. आमच्याकडे तव्यावरून थेट ताटात लागते. आता ताटात गरम भाकरी हवी असेल तर कुणीतरी तव्यापाशी उभं राहायलाच हवं, आणि ते 'कुणीतरी' कोण हे सांगायला नको. माझं तर स्पष्ट मत झालंय, बायकांच्या शेवटी जेवण्याला आपण प्रेम, त्याग, अन्नपूर्णा असली मोठी नावं देतो, पण त्याचं बूड या गरम भाकरीत आहे. मी सगळ्या भाकऱ्या आधी करून, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायला लागले. पहिल्या दिवशी ह्यांनी भाकरीला बोट लावून बघितलं. "गार आहे," म्हणाले. मी म्हटलं, "कोमट आहे." पुढे काही बोलले नाहीत. पण तो आठवडा आमचा जरा गप्पगप्पच गेला.

त्यांचं सोडा, मलाच बसवेना. आठ मिनिटांत चार वेळा उठले. पाणी, मीठ, लोणचं, मग उगाचच. मुलगा म्हणाला, "आई, बस ना ग." बसले तर हात शिवशिवायला लागले. काहीतरी चोरून खातोय असं वाटत होतं. स्वतःच्या घरात, स्वतः केलेली भाकरी!

एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडे सांगतात. ते तितकंसं खरं नाही बरं का. लंडनच्या एका विद्यापीठात ९६ जणांचा अभ्यास झाला, २०१० साली तो छापून आला. रोज जेवणाबरोबर पाणी पिणं, फळ खाणं, असल्या साध्या सवयी. त्या अंगात मुरायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, आणि कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. मात्र मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यांना दिसलं. हे वाचून मला बरं वाटलं, कारण माझे चुकतात. पाहुणे आले की हमखास चुकतात. चौतीस वर्षांचं वळण आहे. आणि चौतीस तरी कशाला, त्याआधी माहेरी आईला बघत होतेच की.

मुलगा आता पाण्याचा तांब्या स्वतः भरून आणतो. अजून सांगावं लागतं. लग्नाचा आहे, सांगत राहणार आहे.

सासूबाईंचं काय करायचं, हा प्रश्न मात्र राहिलाच. पुण्याहून लेक आली होती, ती म्हणाली, "आजीला समजाव, आता कुणाची वाट बघायची गरज नाही." कुणाला समजावू? समजून घेणारं कोठार तर रिकामं झालंय. शिवाय मनात येतं, त्यांच्याकडे उरलंय काय? भाकरी, उखाणा आणि हा प्रश्न. तो प्रश्न काढून घेतला तर त्या घरात नक्की कोण म्हणून बसतील? म्हणून आम्ही एक युक्ती केली. त्यांच्या जेवायच्या वेळेला तीन खरकटी ताटं त्यांना दिसतील अशी मोरीपाशी ठेवायची. ताटं दिसली की त्या हुश्श करतात आणि जेवतात. त्यातही गरम भाकरी बाजूला काढतात आणि "सकाळची आहे का?" विचारतात. शिळी भाकरी मलाही आवडते, सकाळी दह्याबरोबर, वर कच्चं तेल घातलेल्या चटणीबरोबर. पण ते वेगळं. मी ताजी भाकरीच मोडून देते आणि सकाळची आहे म्हणून सांगते. रोज रात्री असं खोटं बोलते मी.

परवा मात्र ताटं ठेवायची विसरले. म्हणून ते वैरागचे पाहुणे निघाले. शेवटी म्हटलं, असू दे, आधी आपण बसू. मी, हे आणि मुलगा, तिघंही खालीच बसलो, सासूबाईंच्या समोर. मी पहिला घास घेतला. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. गडीमाणसांच्या पंगतीला बसलेली ही बाई कोण, हे त्यांना कळेना. या घरात गड्यांबरोबर बायकांमधून एकच जण बसू शकायची.

"पाहुणी आहेस होय ग?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो, आई."

त्या हाताचा टेका घेत उठल्या. डब्यातलं फडकं बाजूला केलं, अख्खी भाकरी काढली आणि माझ्या ताटात ठेवली. तुपाचं भांडं कुठे असतं ते त्यांना बरोबर माहीत होतं. दोन चमचे तूप घातलं, वरून अजून एक.

"लाजू नको," म्हणाल्या. "पोटभर जेव. लांबून आलीस."

मी जेवले. ताट स्वच्छ केलं आणि त्यांच्यासमोर धरलं. मग त्या खाली बसल्या आणि त्यांनी आपलं ताट पुढे ओढलं.